साडेबत्तीसचा आकडा

३ जून

चि. ठकीस, अनेक उ. आ.

शिवणाच्या दुकानात दुसरं मशीन घेतलंस हे वाचून बरं वाटलं. इकडे माझं मात्र डोकं फिरलंय. बावीस वर्षं क्रेन चालवतोय, आणि परवा कंपनीच्या तपासणीत एका कोवळ्या डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटांत मला लठ्ठ ठरवलं. वजन ब्याण्णव किलो, उंची एकशे अडुसष्ट सेंटिमीटर. वजनाला मीटरातल्या उंचीने दोनदा भागलं की म्हणे बीएमआय निघतो. पंचविसाच्या आत हवा, माझा साडेबत्तीस. रक्तदाबही चढा निघाला, पण तो त्यांच्याकडे बघूनच चढला असणार! महिन्याने पुन्हा तपासणी, नाहीतर क्रेन बंद.

तुझ्या गुडघ्याचं आठवतंय ना? दोन वर्षं सगळे वजन कमी कर म्हणत राहिले, आणि शेवटी निघालं काय, तर आतलं लिगामेंट फाटलेलं. असला हा आकडा! चरबी किती आणि मांस किती, हेसुद्धा त्याला कळत नाही. मी दणकट आहे, एवढंच. तुझी वहिनी उगाच तोंड पाडून बसलीय. तिला जरा समजावून लिही.

आशीर्वाद आहेतच.

तुझा,
दादा

११ जून

ति. दादास, सा. न.

माझा गुडघा तुझ्या बचावाला येईल असं वाटलं नव्हतं! जन्मभर मला ढब्बी म्हणालास, आता स्वतःवर आलं तर आकडा खोटा काय? माझं नुकसान झालं, कारण डॉक्टरांनी आकड्यापलीकडे बघितलं नाही. तुझं होईल, कारण तुला बघायचंच नाही.

आकड्याला मांस आणि चरबी वेगळी ओळखता येत नाही, हे खरं. म्हणून तर टेप लागतो. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत असावी, असं मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलं. तुझी उंची सहासष्ट इंच. गेल्या खेपेला तुझी पँट मी त्रेचाळीस इंचांची शिवली. ते दहा इंच मांस आहे, असं मला तोंडावर सांग. पोटातल्या चरबीने साखर वाढते, हृदयावर ताण येतो, झोपेत श्वाससुद्धा अडतो. तू घोरतोस का रे अजून? दुपारी पेंगतोस का? हे त्या बाईंना सांगितलंस का?

रागावले आहे, पण लोभ तुझ्यावरच आहे. तूही माझ्यावर असू दे.

तुझी,
ठकी

१९ जून

प्रिय ठकीताई, स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हे तणतणत बाहेर निघून गेले. उत्तर लिहितील असं दिसत नाही, म्हणून मीच लिहिते. शपथ मोडून लिहिते.

मेच्या अखेरीस यांना क्रेनच्या केबिनमध्ये भर दुपारी डुलकी लागली. पाइपांची मोळी आडवी झुलली. खाली हाताने खुणा करणाऱ्या जोडीदाराने उडी मारली म्हणून जीव वाचला, पण त्याचं मनगट मोडलं. यांनी साहेबांना सांगितलं की वारा सुटला होता. मला सगळं खरं सांगितलं आणि कुणाला बोलायचं नाही म्हणून शपथ घातली. झोपेत यांचा श्वास थांबतो. मी मोजत बसते, मग हलवून जागं करते. तपासणीच्या कागदावर घोरण्यापुढे यांनी ‘नाही’ लिहिलंय. सांगून सांगून माझी जीभ झिजली. आता तुम्हीच काही करा.

तुमच्या मायेचाच आधार आहे.

तुमची,
वहिनी

१४ जुलै

चि. ठकीस, अनेक उ. आ.

तुझी दोन ओळींची चिठ्ठी पोचली. मी सांगितलं नाही तर तू येऊन सांगशील, हे वाचून अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस तुझ्या वहिनीशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसलो आणि घोरण्याचं, पेंगण्याचं सगळं सांगितलं. झोपेची तपासणी झाली. तासाला चाळीस वेळा श्वास अडतो म्हणे. आता तोंडावर हवा सोडणाऱ्या यंत्राचा मुखवटा चढवून झोपतो, हत्तीची सोंड लावल्यासारखा. क्रेन बंद, तूर्त कोठारात बसून नटबोल्ट देतो. पंधरा दिवस तोंड आवरलं आणि उतरलं किती, तर दीड किलो! चिडचिड होते गं. पण दुपारी डोळे उघडे राहतात, हे कबूल करतो.

काल जोडीदाराकडे गेलो. हात अजून प्लास्टरमध्ये आहे. आपलीच खूण चुकली असं समजून तो इतके दिवस स्वतःला खात होता, आणि कंपनीनेही त्यालाच ताकीद दिली होती. मी सांगितलं, की तुझी खूण मी पाहिलीच नाही, मी झोपलो होतो. त्याने एवढंच विचारलं, की हे साहेबांपुढे बोलशील का.

उद्या सकाळी बोलणार आहे. मग क्रेन परत मिळेल की नाही, ठाऊक नाही. लोभ उरला असेल तर उत्तर पाठव.

तुझा,
दादा