खोलगट झालेला दगड

आबा, वस्तऱ्याला धार लावायचा तुमचा दगड मी सपाट केला. विचारायला तुम्ही नाहीत, आणि असता तरी विचारलं नसतं. मागच्या महिन्यात गावाकडच्या घराचे पत्रे बदलताना तुमची धोकटी सापडली, आईच्या जुन्या लुगड्यात बांधलेली. आत तीन वस्तरे आणि तो एक दगड. मी दगडावर शाळेची पट्टी उभी धरून बघितली. मधे एवढी फट की आगकाडी आरपार गेली. मला रडू येईल असं भावाला वाटलं असावं, तो पाणी घेऊन आला. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

आपल्या गावचा न्हावी चावडीसमोर लिंबाखाली बसायचा आणि आपल्या वस्तीतल्या माणसाला हात लावायचा नाही. धम्म घेतल्यावर काही वर्षांनी वस्तीनं गावकीची कामं सोडली, तेव्हा तुम्ही म्हणालात, मग हजामतीसाठी तरी कुणाच्या तोंडाकडं कशाला बघायचं. नांदेडच्या बाजारातून वस्तरा आणि दगड घेऊन आलात. शिकवणार कोण? तुम्ही रस्त्याच्या अलीकडं बिडी पेटवून बसायचात आणि पलीकडं चाललेलं सगळं डोळ्यात भरून घ्यायचात. दगडावर पाणी किती घ्यायचं, पातं कसं सरकवायचं, पालथं कधी करायचं, गालाची कातडी कुठं ताणायची. रविवारी विहारासमोर तुम्ही पहिल्यांदा माणसं बसवलीत तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. माणसं गालावरून हात फिरवत घरी जायची आणि बायका हसायच्या. पुढं पुढं मात्र रक्त निघायला लागलं. तुम्ही वस्तरा बदललात, महिना-दोन महिने बरे गेले, परत तेच. मग तिसरा आणलात. दगड बदलावा असं कुणाच्या मनात आलं नाही, दगड तो दगडच.

बहात्तरच्या दुष्काळात आपण दोघं लोह्याच्या रस्त्यावर खडी फोडायला जात होतो. घण मारून तुमच्या तळव्यांची कातडी लाकडासारखी झाली होती. त्याच उन्हाळ्यात चुलत्याच्या मुलाचं लग्न निघालं आणि नवरदेवाची हनुवटी तुमच्या वस्तऱ्यानं कापली. पोरगा कापूस चिकटवून लग्नाला उभा राहिला. मुलीकडचे नायगावचे वऱ्हाडी दिवसभर त्या कापसावर हसले, आणि ते हसू चावडीपर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी आपण कामावर निघालोय, आणि न्हावी लिंबाखालून ऐकवतोय, “त्याला हात लागतो. नुसतं बघून येत असतंय व्हय?” तुम्ही मान खाली घालून चालताय. मी म्हणाले, “मग शिकवायचं की, काका.” तर रस्ताभर तुम्ही मलाच बोललात. “लई तोंड चालून राहिलं तुझं. खरं हाय त्याचं. न्हाई आपल्या हातात ते.” त्या संध्याकाळी धोकटी बांधली गेली. वस्तीतली माणसं दाढीसाठी लोह्याला चालत जायला लागली, आणि तिथं कुणी गाव विचारलं तर जात कळू नये म्हणून दुसरंच नाव सांगायची.

पुढं मी मॅट्रिक झाले. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तिथल्या एका कचेरीत मला कारकुनाची जागा मिळाली. फायली जमिनीवर पडलेल्या आणि खुर्च्या माणसांपेक्षा कमी, असा तो नवा संसार होता. माझ्या भाड्याच्या खोलीच्या खालच्या मजल्यावर उदगीरकडचे एक म्हातारे चाचा राहायचे, त्यांचं गंज बाजारात सलून होतं. एका सकाळी ते नळाजवळच्या शहाबादी फरशीवर बारीक रेती टाकून धारेचा दगड घासत बसले होते. दगडावर पेन्सिलीच्या उभ्या-आडव्या रेघा ओढलेल्या. मी विचारलं, “चाचा, काय करून राहिलात?”

“दगड सपाट करून राहिलो, बाई. वस्तरा फिरून फिरून मधी खड्डा पडतो. सगळ्या रेघा पुसल्या की समजायचं, बराबर झाला.”

“आणि नाही केलं तर?”

“तर उस्तादाचा हात असू दे, गिऱ्हाइकाचा गाल कापणार म्हंजे कापणार.”

“मग हे दुकानात का नाही करत?”

ते हसले. “गिऱ्हाइकापुढं कुठं करतेत व्हय? हे घरचं काम हाय.”

घरचं काम, आबा. रस्त्यापलीकडून जेवढं दिसलं तेवढं सगळं तुम्ही शिकलात, एक गोष्ट सोडली नाहीत. जे न्हाव्याच्या अंगणात व्हायचं ते तुम्हाला दिसणार कसं? त्या अंगणात आपल्याला उभं कोण करणार होतं? त्याला सगळं ठाऊक होतं, आणि तरी त्यानं तुमच्या हातावर ढकललं. तुम्ही म्हणाल, जाऊ दे, तो मेला, गेलं ते गेलं. मी जाऊ देणार नाही. दिवसभर फरशीवर रेती आणि पाणी घालून दगड घासला, रेघा ओढल्या, पुसल्या, परत ओढल्या. तुमचा शेवटचा वस्तरा त्या खड्ड्याच्या सवयीचा झालेला, सपाट दगडावर आधी पात्याच्या पोटावरच टेकायचा. आठ दिवस रोज पाजळला तेव्हा पातं टोकापर्यंत बसलं. मग भावाला खुर्चीत बसवलं. तो म्हणाला, “आक्का, माझी पेन्शन चालू हाय आजून, जरा बेतानं.” तुम्ही धरायचात तसाच धरला, अंगठ्यानं कातडी ताणली, हनुवटीखाली हात हलका सोडला. एक थेंब रक्त आलं नाही. तुमच्याकडं बघून शिकलेला हात आहे तो, आणि तुमचा त्याहून चांगला होता. हे मी चावडीसमोर उभी राहून सांगायला तयार आहे, कुणाला ऐकायचं असेल तर यावं.

हे पत्र मात्र मी भावालाही दाखवणार नाही, कारण पुढचं त्याला माहीत नाही. चाचांना दगड घासताना मी पाहिलं तेव्हा तुम्ही जिवंत होतात. त्यानंतरही दोन वर्षं होतात, आणि मी प्रत्येक सुट्टीला गावी येत होते. सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी धोकटी सोडली असतीत आणि रविवारी विहारासमोर जाऊन बसला असतात. मला बघायला पाहुणे येत होते. मुलीचा बाप हजामती करतो, हे त्यांच्या कानावर जायला मला नको होतं. शेवटच्या आजारात तुम्ही उजवा हात डोळ्यांपुढं धरून बराच वेळ बघत होतात. म्हणालात, “बसलाच न्हाई बघ ह्यो हात, कितीबी केलं तरी.” मी उशाशी बसले होते. मी म्हणाले, “व्हय आबा. झोपा आता.”