बसून राहिलेली माणसं

सर, मैत्रिणीकडे जुन्या इटालियन रेखाटनांचं जाडजूड पुस्तक चाळून राहिले आहे आणि तुमची आठवण येतेय. प्रेमानं येतेय असं समजू नका. काही शतकांपूर्वीची खेडी आहेत आणि कुणाच्याही हातात कुदळ नाही. एकजण टोपी तोंडावर घेऊन झाडाखाली झोपलाय, चौघे लाकडी गोळे फेकताहेत, एक बाई निवांत पोराच्या उवा काढतेय. कुणीतरी एवढा चांगला कागद या रिकाम्या लोकांवर घातला, आणि त्याबद्दल त्याला छडी बसल्याचं पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही.

मला बसली. चित्रकलेच्या तासाला तुम्ही 'माझी वस्ती' काढायला सांगितलंत, मी कडुनिंबाखाली पत्ते खेळणारे बाबा काढले. "विणकराची पोर ना तू? बाप मागावर दाखव." मी म्हटलं, "सर, ते आता बसून राहिले." "बसून राहिले नाही, बसले आहेत म्हण," असं म्हणत तुम्ही चित्रावर लाल फुली मारलीत आणि हातावर छडी. एका फटक्यात बापही चुकला आणि भाषाही. दिवसभर खड्ड्यात पाय सोडून माग चालवणाऱ्या माणसाचे पाय मला फक्त त्या झाडाखाली दिसायचे, हे तुम्ही विचारलंत कुठे? आणि व्याकरण तुमचंच कच्चं होतं, सर. 'बसले आहेत' म्हणजे बसले, संपलं. आमच्या बोलीत 'बसून राहिले' म्हणजे बसणं चालू आहे, नेटानं चालू आहे, उठवायला कुणी आलं तरी.

आता शाळेची स्मरणिका निघतेय. मी व्यंगचित्रं काढून पोट भरते, म्हणून मुखपृष्ठ माझ्याकडे आलं. मी तेच चित्र नव्यानं काढून दिलं. संपादक माझ्याच वर्गातला, गांधीबागेच्या बाजारात साड्या विकतो. सकाळी त्याचा फोन.

"अवं, हे सारे रिकामेच बसून राहिले. कोपऱ्यात एखादा माग टाक नं."

"काहून? बाबाचा कामाचा दिवस संपला."

"आत पहिल्याच पानावर सरांचा फोटो हाय. बरं दिसते काय ते?"

"सरांले पाहू दे. नाही तर कोरं छाप."

तो बहुतेक दुसऱ्या कुणाकडून उगवता सूर्य काढून घेईल. घेऊ दे. माग मी टाकणार नाही.

तुमचा पत्ता आता कुणाकडेच नाही, तेव्हा हे पत्र इथंच राहील. एक मात्र सांगते. तुम्ही फुली मारलीत त्या चित्रात एका काकानं मांडीखाली एक्का दडवला होता. तुम्ही हसाल म्हणून काढला होता.