डॉक्टरचं रक्त काढणार

३ फेब्रुवारी १९९२, अलंग
मुकादमाच्या फोनवर आशागडहून धाकट्या बहिणीचा, रूपीचा फोन. आईच्या दुसऱ्या छातीत गाठ. सुई घालून तपासली, कॅन्सरच. दोन वर्षांपूर्वी एक छाती काढली तेव्हा डॉक्टर म्हणालेला, सगळं निघालं. मग ही कुठून आली?

४ फेब्रुवारी
जहाज कापता कापता ट्यूब पेटली. तेव्हाची गाठ उजवीकडे होती! आई खाटेवर बसलेली, मी समोर उभा. तिने हात ठेवून दाखवलं, बरोबर माझ्या उजव्या हाताला. साल्याने डावी कापली. खराब ठेवली, चांगली नेली. आता सोडत नाही. जहाजं कापतो मी, डॉक्टर किस झाड की पत्ती. त्याचं रक्त काढणार.

५ फेब्रुवारी
रूपीला फोनवर सांगितलं, ऑपरेशन थांबव. म्हणाली, दादा, तिथे गॅस जास्त घेतलास का? लवकर सापडलीय, लगेच काढायची म्हणतात. पण आईचा हट्ट, माझा नविन आल्याशिवाय टेबलावर चढणार नाही. बघा, आईला माझ्यावरच भरवसा. रजा घेतली.

७ फेब्रुवारी, गाडीत
डायलॉग पाठ केला. "डॉक्टर, डावं-उजवं कळतं का?" समोरच्या काकांवर प्रॅक्टिस केली. काका वलसाडपर्यंत तिकीट असून सुरतला उतरले. जरब आहे माझी.

८ फेब्रुवारी, डहाणू
आईला ठेवलंय त्या दवाखान्यात घुसून डायलॉग मारला. डॉक्टर समोर उभा राहिला. म्हणाला, उजवा हात वर करा. केला. त्यानेही त्याचा उजवा केला. तो माझ्या डाव्या बाजूला वर गेला. आई खाटेवरून हसली. म्हणे, खुळ्या, समोरच्याचं उलटं असतं, दुसरीपर्यंत तरी शाळेत जायचं होतंस. खराब होती तीच काढली, ही नवीन. सिस्टरने शिकवलेलं, दर महिन्याला आंघोळीत साबणाच्या हाताने चाचपायचं. तशी तिलाच लागली, चिंचोक्याएवढी.
माझी चूक नाही. आई पाठ करून बसली असती तर बरोबर निघालं असतं. डॉक्टर आज वाचला. उद्या बघतो.

९ फेब्रुवारी
आईला आत नेलं. जाताना म्हणाली, भांडू नको, बस. डॉक्टर बाहेर आला, म्हणाला, रक्त लागेल, तुमचा गट जुळतो.
रक्त निघालं. माझं.
सिस्टरने विचारलं, डावा हात की उजवा?
मी दोन्ही पुढे केले.