डावीकडचा दांडा

१२ नोव्हेंबर, मंगळवार

शेवयांचं यंत्र! आयटीआयमध्ये एकतीस वर्षं फिटर ट्रेड शिकवला, तो म्हातारपणी मुरबाडात बसून हे ऐकायला!

टोकावड्याच्या पुढच्या पाड्यावरची जनी आली होती. तिथल्या ढाब्यावर भाकऱ्या करते. गोणीतून एक गंजलेलं धूड काढून माझ्या ओट्यावर ठेवलं. हातभर उंच, वर कोंबड्यांची घाण वाळलेली. "सर, बानं केलंय ह्ये, चाळीस वर्सं झाली. माळ्यावर गावलं. शेजारी म्हनतात शेवयांचं हाय. बा आता बोलत नाय, अंथरुणावर हाय. पन ह्ये बगून रडला. चालू करून द्या. एकदा त्याच्या हातानं चालू दे, बास."

शेजारचं पोरगं भाविक, त्याने फोटो काढून मोबाइलला विचारलं. मोबाइल म्हणाला, कॉफीचं यंत्र. दोघे सारखेच हुशार.

पाय फाकवून उभी कमान, डोक्यावर सिलिंडर, मधे वरखाली होणारं वजन, खाली ऐरण. अरे, वाफेचा घण आहे हा! कारखान्यात हा दुमजली असतो, तापलेलं लोखंड पिठासारखं चेपतो. हे त्याचं पिल्लू. ओळखायला मला दोन मिनिटं लागली. पण इथे कौतुक कुणाला!

१३ नोव्हेंबर

डिझेलमध्ये बुडवून ठेवला. घरभर वास. हिने नाकाला पदर लावून शेजारीण गाठली — बरंच झालं.

१७ नोव्हेंबर, रविवार

उघडला. हसावं की रडावं!

एक कड काटकोनात असेल तर शपथ. कानशीचे ओरखडे सगळे एकाच बाजूला झुकलेले. बोल्टची डोकी कमानीलाच झाळून कायमची चिकटवलीत — उद्या बोल्ट बदलायचा तर काय कमान फोडायची? नट सगळे एकाच मापाचे, गरज असो नसो. आणि कळस म्हणजे दांडा. वाफ सोडायचा दांडा चक्क डावीकडे! घणवाला उजव्या हाताने दांडा धरतो हे पहिल्या वर्षाच्या ढ पोरालाही कळतं. माझ्या वर्गात असता तर पंढरीला — जनीच्या बापाचं नाव — पहिल्याच सत्रात घरी पाठवला असता.

जनीला फोनवर विचारलं, बाप काय करायचा? "कारखान्यात घणावरच व्हता. मंग सुटली नोकरी."

सुटेल नाहीतर काय. असला कारागीर कोण ठेवेल!

२० नोव्हेंबर

सिलिंडर मात्र आतून आरशासारखा. दुसऱ्या कुणाकडून करून घेतला असणार.

२४ नोव्हेंबर, रविवार

पितळेच्या सळीसाठी शहापूरला गेलो. तीन दुकानं. पहिल्याने देवाची समई दाखवली. दुसऱ्याने विचारलं, "काका, नळ गळतोय का?" तिसऱ्याकडे सळी होती, ती बाहेर पत्रा टेकवायला वापरत होता. तीच उचलून आणली.

२८ नोव्हेंबर

जनीचा फोन. "सर, एकदा घरी या की. बाला बगा, मंग पुढचं काम करा."

मला यंत्र दुरुस्त करायचंय, सोयरीक नाही जुळवायची. नाही गेलो. दीड तास एसटीत हाडं मोडून मुक्या म्हाताऱ्याला काय विचारणार?

१ डिसेंबर, रविवार

दांडा उजवीकडे घेतला. नवी भोकं, नवी खीळ, अगदी नियमाप्रमाणे. डावीकडची दोन्ही जुनी भोकं पितळेने बुजवून अशी घासली आणि वर काळा रंग असा दिला, की हात फिरवला तरी सापडायची नाहीत. पंढरीलाही बघू दे काम कसं असतं ते.

५ डिसेंबर

चालला!!

वाफेऐवजी हवा — नाक्यावरच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर लावला. ठक — ठक — ठक! ऐरणीवर भुईमुगाची शेंग ठेवली, टरफल फुटलं, दाणा अख्खा. चार रिक्षावाले जमले. एकजण म्हणाला, "शेंगा फोडायची मशीन काय?" जाऊ दे. मला मात्र आज फार आनंद झाला. लपवायचा कशाला इथे.

८ डिसेंबर, रविवार

टोकावड्याला गेलो. जनीने म्हाताऱ्याला भिंतीला टेकवून बसवलं होतं, अंगावर शाल. घण समोरच्या पाटावर ठेवला. हवेसाठी सायकलचा पंप जोडला, तो जनी मारणार.

"बा, चालव रं, म्हनतात सर तुला," ती हसून लहान पोराशी बोलावं तसं बोलली.

म्हाताऱ्याने डावा हात बाहेर काढला. थेट कमानीच्या डाव्या पायावर. बोटं वर गेली, खाली आली, थांबली. बरोबर माझ्या बुजवलेल्या भोकावर. नखाने रंग खरवडायला लागला.

मी मोठ्याने म्हणालो, "बाबा, दांडा इकडे! उजवा हात काढा ना बाहेर!"

जनी पंप मारायची थांबली. "उजवा नाय त्याला, सर. मनगटापासनं नाय. कारखान्यात घणाखाली ग्येला. ह्ये त्यानं मागनं केलंय, घरी बसून."

"मग आधी सांगायचं नाही?"

"म्हनलं व्हतं की, घरी या. मला वाटलं, दांडा बगून तुमाला कळलं आसंल."

म्हातारा खरवडतच होता. मला तिथे बसवेना. घण गोणीत घालून परत आणला. लाज वाटली, दुसरं काही नाही.

९ डिसेंबर

भोकं उघडली. दांडा डावीकडे, होता तिथे. बोल्टची डोकी का झाळली होती तेही आज कळलं — नट आवळताना बोल्ट धरायला दुसरा हात कुठून आणणार?

उजवा हात पंच्याने कमरेला बांधला. लोखंडी पट्टी व्हाइसच्या पकडीत आवळली आणि डाव्या हाताने कानस चालवली. एकच कड. दोन तास. मग काटकोन तपासायचा गुण्या लावला, आधी माझ्या कडेला, मग घणाच्या.

माझ्यापेक्षा पंढरीची कड सरळ आहे.