आत्ता चालेल असा कॉम्प्युटर

सातारा,
२३ जानेवारी १९९९

प्रिय अबोली,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. तिसरा महिना लागलाय, उलट्यांनी जीव नकोसा झालाय, सौमित्ररावांच्या हातचा मऊ भात खाऊन राहतेय, असं तू लिहिलंस. आणि शेवटी विचारलंस, ताई, तुला आनंद झाला नाही का? त्यानंतर दोनदा फोन केलास. दोन्ही वेळा मी लिंबू चोखत जा, जड उचलू नकोस, एवढंच बोलून फोन ठेवला. कराडपासून जतपर्यंत मी व्यासपीठांवर उभी राहिले, माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोलले, आणि तुझा आवाज कानावर आला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून लिहितेय. पण आधी वरदच्या कॉम्प्युटरचं सांगते. ते सांगितल्याशिवाय बाकीचं मला सांगताच येणार नाही.

तू वरदला शेवटचं पाहिलंस तेव्हा तो ताट मांडीवर घेऊन आपल्या हातानं जेवत होता. आता हात खांद्यातून उचलत नाही. मी घास भरवते. सोळा वर्षांचा मुलगा आईच्या हातून खाताना भिंतीकडे बघतो, आणि मी त्याला बघू देते. स्नायू झिजत जाण्याचा हा आजार कसा चालतो ते डॉक्टरांनी आम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं. आधी पाय, मग खांदे, मग श्वास. बोटं सगळ्यांत शेवटपर्यंत साथ देतात. औषध नाही. तेलवाले, मंत्रवाले, पायाळू माणसाच्या लाथेनं बरं करणारे, किती आले म्हणून सांगू! सगळ्यांना मी उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवलं. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. दुसऱ्याच्या लेकराच्या मरणावर पोट भरणाऱ्यांना मी घरात घेणार नाही. पण खोटी आशा हाकलून दिल्यावर घरात जी जागा रिकामी होते तिथं काय ठेवायचं, हे मला एवढी पुस्तकं वाचून कुठंही सापडलं नाही.

शाळा बंद झाल्यापासून वरदनं काही मागितलं नव्हतं. पावसाळा संपता संपता एकदा म्हणाला, आई, मला गेम खेळायला कॉम्प्युटर हवाय. अभ्यासाला, असं खोटंही बोलला नाही. तू मला ओळखतेस. पोरांची डोकी बधिर करणाऱ्या असल्या खेळांवर मी गणेशोत्सवात तास तासभर बोललेय. पण तो मागत होता त्या खेळाला फक्त बोटं लागतात, एवढंच त्या वेळी माझ्या डोक्यात शिरलं. तुझ्या दाजींनी पलटणीतून निवृत्त होताना मिळालेल्या पैशांतला एक भाग बाजूला ठेवला होता, तो काढायचं ठरलं. त्यात मोठ्या कंपनीचा तयार कॉम्प्युटर येणं शक्य नव्हतं. सुटे भाग आणायचे आणि जोडून घ्यायचे. एकावर सढळ खर्च केला की दुसऱ्यावर हात आखडायचा.

पोवई नाक्याजवळ राजवर्धन नावाच्या एका तरुणाचं दुकान आहे. पुण्याहून एसटीच्या पार्सलनं भाग मागवतो आणि कॉम्प्युटर जोडून देतो. दुकान माडीवर. दाजींनी वरदला पाठुंगळी घेतलं. अर्ध्या जिन्यात वरद त्यांच्या कानाशी म्हणाला, "सुभेदार, दम लागला का?" तर हे म्हणाले, "गप रं. तुज्यापेक्षा आमचा पाठीवरचा पिट्टू जड असायचा." दोघं हसले. मी मागून त्याच्या लोंबणाऱ्या चपला सावरत चढत होते. ते दोघं एकत्र हसताना मी त्याआधी कधी ऐकलं होतं ते मला आठवेना.

राजवर्धननं टेबलावर खोकी मांडली. प्रोसेसर, रॅम, हार्डडिस्क, चित्रं झरझर हलवणारं ग्राफिक्स कार्ड, आणि ज्याच्यावर हे सगळं बसवतात तो बोर्ड. मला म्हणाला, "मॅडम, माझं ऐका. बोर्ड भारी घ्या. बाकीचं आज साधं टाकू. ह्या बोर्डवर दोन वर्षांनी मोठा प्रोसेसर बसेल, रॅम वाढवता येईल. पाया पक्का असला की झालं." अबोली, ही तर माझीच भाषा! आयुष्यभर मी दुसरं काय सांगितलं लोकांना? आज अर्धपोटी राहा पण पोरीला शिकवा. आज सोसा, उद्या उभं राहा. मी तिथंच सुरू झाले. पाया म्हणजे काय, माणसानं आजच्या सुखासाठी उद्याचं का विकू नये, आपल्या देशाचं नेमकं कुठं चुकलं! प्रिंटरची रिबन घ्यायला आलेले एक पेन्शनर गृहस्थ मान डोलवायला लागले. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं आपलं मशीन थांबवलं आणि दारात येऊन उभा राहिला.

वरदचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो माउस बघत होता. राजवर्धन एकेक त्याच्या तळहाताखाली सरकवायचा आणि वरद बटण दाबून बघायचा. "ह्याचं जड आहे, दुसरा दाखवा." दुकानातले सगळे झाले. शेवटी एक पसंत पडला, अगदी हलक्या बटणाचा, दिसायला ओबडधोबड. मग म्हणाला, "आई, बोर्ड स्वस्तातला घे. पैसे कार्डात घाल." मी म्हटलं, "अरे, मग पुढं त्यात काही वाढवता येणार नाही." तो म्हणाला, "पुढं कशाला? आत्ता चालेल असा पाहिजे." राजवर्धनला काय माहीत! तो हसून म्हणाला, "आत्ता पळेल रे भावा, पण दोन वर्षांत जुना होईल." वरद म्हणाला, "होऊ दे की." कुणी चहात साखर कमी चालेल का विचारावं आणि आपण चालेल म्हणावं, तसं.

दाजी उठून बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. त्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं, पण मी बोलत राहिले. बोर्डच कसा महत्त्वाचा, तुझं वय लहान आहे, तुला काय कळतंय, असं काहीबाही. थांबले असते तर त्यानं जे सांगितलं ते मला ऐकू आलं असतं. पेन्शनर गृहस्थांनीही भर घातली, "बाळ, आई सांगते ते ऐकावं." मग वरदनं मान वर केली. मान धरून ठेवायलाही त्याला आता कष्ट पडतात. म्हणाला, "आई, बास. मला माहिताय." स्वस्तातला बोर्ड घेतला.

घरी आल्यावर विचारलं, तुला कुणी सांगितलं? वर्षभरापूर्वी पुण्याच्या इस्पितळात आम्ही दोघं त्याला बाहेर बाकावर बसवून डॉक्टरांकडे आत गेलो होतो. बाकावर अशाच मुलांच्या आया बसल्या होत्या आणि आपसात बोलत होत्या. एक म्हणाली, माझा थोरला अठराव्या वर्षी गेला, आता हा धाकटा. दुसरी म्हणाली, आमच्या शेजारचा वीस पुरी करून गेला. वरदनं सगळं ऐकून घेतलं होतं. आम्ही बाहेर येऊन डॉक्टर म्हणतात व्यायाम चालू ठेवा, असं हसत हसत सांगितलं, तेव्हा त्यानं मान हलवली होती. मी त्याला वाचवत होते आणि तो मला. वर्षभर एका घरात आम्ही एकमेकांना असे फसवत राहिलो.

दिवाळीनंतर कॉम्प्युटर आला. तो गाडी चालवण्याचा खेळ खेळतो. डोंगरातला वळणावळणाचा रस्ता आहे. पहिल्या दिवशी ओरडला, "आई, बघ, यवतेश्वरचा घाट!" शर्यत जिंकण्यात त्याला रस नाही. गाडी मुद्दाम कठड्यावरून दरीत घालतो आणि खदखदून हसतो. दाजी शिरवळच्या कारखान्यातली वॉचमनची पाळी संपवून येतात, बूटही न काढता त्याच्या मागं उभे राहतात आणि म्हणतात, "आरं, हँडल मार की! मिलिट्रीत आस्तास तर लायसन काढून घेतलं आस्तं तुजं." काही आठवडे आमच्या घरात असा आवाज होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून नुसती ऐकायची.

खोटं लिहून तुझं समाधान करणार नाही. संक्रांतीच्या आधीपासून त्याला एका बोटानं ते हलकं बटणही दाबवत नाही. दोन बोटं एकावर एक ठेवून दाबतो. मनगट सरकत नाही म्हणून माउसखाली मी जुन्या रेशमी साडीचा तुकडा घातलाय. वळण आलं की बोट पोहोचेपर्यंत गाडी आपोआपच दरीत जाते, आणि आता तो हसत नाही. कॉम्प्युटरचं खोकं अजून माळ्यावर नवं कोरं आहे. ते यंत्र जुनं व्हायला राजवर्धननं सांगितलेली दोन वर्षं आहेत. मी कार्यक्रमांची निमंत्रणं परत पाठवतेय. उद्याबद्दल लोकांना काय सांगू?

संक्रांत झाली आणि पुण्याला दाखवायला गेलो. ह्या वेळी नवीन डॉक्टरीणबाई होत्या. वरद म्हणाला, मी बाहेर बसणार नाही. बसला आत. बाईंनी त्याला तपासलं आणि मग मला असं विचारलं जे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या आईकडे कुणाला असं होतं का? मी नाही म्हणणार होते, आणि मला जतचा कृष्णातमामा आठवला. तू त्याला पाहिलेलं नाहीस. आईचा धाकटा भाऊ. मी चौथीत असताना आजोळी गेले होते, तेव्हा मेंढरं वाड्यात परतली की कुणीतरी त्याला उचलून त्यांच्यात नेऊन बसवायचं. पायानं अधू, एवढंच आई सांगायची. ऐन विशीत गेला. लोक म्हणाले वारं गेलं अंगावरून, आणि आपणही तेच धरून चाललो. बाईंनी कागदावर रेघा काढल्या. हा आजार बाईच्या रक्तातून येतो. तिला स्वतःला काही होत नाही, तिच्या मुलग्यांना होतो. आजीकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, तुम्हाला बहीण आहे का?

येताना शिरवळला चहाला थांबलो. दाजी ग्लास आणायला गेले तेव्हा भाड्याच्या जीपमध्ये वरद म्हणाला, "मावशीला कधी सांगणार?" मी म्हटलं, बाळंतपण सुखरूप होऊ दे, मग बघू. तो म्हणाला, "मग काय बघायचं राहिलं? मला माहीत होतं म्हणून मला पाहिजे तो बोर्ड घेता आला ना? तिलाही कळू दे." मी म्हटलं, "अरे, पण तिनं जर..." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तिचं ती बघेल, आई. तू भाषण देऊ नकोस फक्त."

म्हणून हे पत्र, अबोली. आईकडून हे तुझ्याकडे आलं असण्याची शक्यता निम्मी आहे. मुंबईत रक्त तपासतात, पण ते दर वेळी नक्की सांगता येतंच असं नाही. ते तुझ्यात असेल आणि पोटात मुलगा असेल, तर त्याला हा आजार होण्याची शक्यता पुन्हा निम्मी. मुलगी असेल तर तिला हा त्रास होत नाही. गर्भ मुलाचा की मुलीचा हे बघण्याची जी तपासणी बंद व्हावी म्हणून मी गावोगाव घसा फोडला, तीच तुला करून घ्यावी लागेल. अशा आजारासाठी कायद्यानं ती मोकळी ठेवली आहे. चौथा महिना संपायच्या आत जे काही ते ठरवावं लागेल, बाई म्हणाल्या. सौमित्ररावांना हे पत्र वाचायला दे. काय ठरवायचं ते मला विचारू नकोस. शेजारच्या खोलीत वरद खेळतोय आणि बटणाचा आवाज मला इथपर्यंत येतोय, आता बऱ्याच अंतरानं येतो. ह्याच्यासारखं मूल जन्माला येऊ नये, असं माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. यावं, असंही लिहिता येत नाही.

तुझीच,
आज पहिल्यांदाच तुला काही शिकवू न शकलेली,
क्रांतीताई