ऊन उतरलं की जेवतील

१९ एप्रिल
पत्रा तापलाय. त्याखाली मी भाकरी थापायची आणि आमच्या मालकांनी ताट बाजूला सरकवायचं. मग थापायची कशाला? जन्मभर कडक भाकरी कुडूकुडू खाल्लेला माणूस आता नुसती आंबील मागतो. ऊन, दुसरं काय. (वर सिद्धेश्वराचं नाव लिहायचं राहिलं. र्‍हाऊ दे.)

२२ एप्रिल
नात भुवनेश्वरी नर्सिंगला हाय. म्हणे, आजी, भुकेचा निरोप पोटातनं डोक्याकडं नेणारे हार्मोन असत्यात, उन्हात ते ढिले पडत्यात. अंग आधीच तापलेलं, त्याला जेवणाची आणखी गरमी नको असती. मी म्हणलं, बघ की, मी चौथी शिकलेली हेच सांगत हुते! तर म्हणती, पण आजोबांचं एवढं वजन नुसत्या उन्हानं उतरत न्हाय, दाखवून आणू. म्हणलं, पहिलं बोललीस तेवढं बास. फुडचं गिळ.

४ मे
ठरलं. कूलर आणायचा. खोली गार, भूक हजर. सगळ्यांनी त्यांच्या म्होरं बसून जेवायचं, म्हंजे तोंडाला पाणी सुटंल.

६ मे
कूलर झकास. सून नीलम्मा एरवी चिमणीवानी टिपती, आज दोनदा वाढून घेतलं. मीबी लाजले न्हाय. मालक आंबिलीची वाटी धरून बसले. घोट घेतला की छातीवर हात. गार जास्त झालं असंल. कूलर बारीक केला.

७ मे
बारीक केल्यावर आमची भूक गेली. त्यांची नव्हतीच.

१५ मे
नीलम्मा म्हणती, मामंजींचा सदरा खांद्यावरनं घसरतोय, बारीक करून देऊ का? म्हणलं, ऊन उतरलं की परत उसवत बसशील. ठिव तसाच.

२१ मे
आभाळ आलं, वारं गार. घरात भाकरी पुरंना. मालकांनी आंबीलबी ओकली. मी म्हणलं, अंगातलं ऊन निघायला टाइम लागतो. भुवनेश्वरी म्हणली, आजी, आता बास. रिक्षा तिनंच बोलावली.

२४ मे
दवाखान्यात घशातनं दुर्बीण घातली. अन्ननळीत गाठ, मोठी. डॉक्टर म्हणे, भूक हुती की त्यांना. घास उतरत नव्हता. लवकर का न्हाय आणलं?
मालक बाहेर बाकड्यावर. दुर्बिणीला आत जाताना डॉक्टरला सांगून गेलते, उन्हानं हाय, आमच्या मंडळींनी वळखलंय. मी बाहेर येऊन शेजारी बसले तर म्हणले, काय म्हणला गं, ऊनच ना? मी पाणी आणते म्हणून उठले.
घरी गेल्यावर परत विचारतील. भुवनेश्वरीनं सांगायचं. मी न्हाय.