सांगण्यासारखा आजार

९ फेब्रुवारी
डोळे पिवळे! आईने खिडकीपाशी नेऊन पापणी ओढून बघितली. वाटलं, घाबरेल. तिचा चेहरा चक्क उजळला. "कावीळ गो! कावीळ काय, सगळ्यांकच होता."
दोन वर्षं माझ्या लुपसला — शरीर स्वतःवरच उलटतं त्या आजाराला — या घरात नाव नाही. गालावरचे चट्टे — ऊन लागलं. सांधे — अशक्तपणा. आता सांगण्यासारखा आजार मिळाला.

१० फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाल्या, साधी कावीळ नाही. एक तर लुपसच्या गोळीने लिव्हर सुजलंय, नाहीतर शरीर सांध्यांवर उलटलं तसं आता लिव्हरवर उलटलंय. पहिलं असेल तर गोळी बंद केली की उतरेल. दुसरं असेल तर स्टिरॉइड वाढवायचं, बहुतेक कायमचं. गोळी बंद केली आहे. आठवड्याने पुन्हा रक्त. "आणि काढेबिढे अजिबात नाही हं."
रिक्षात आई म्हणाली, "सुयोगकडच्यांका कावीळच सांगूया." पुढच्या महिन्यात माझा-सुयोगचा साखरपुडा ना! भांडायला अंगात जोर नव्हता. हो म्हटलं.

१३ फेब्रुवारी
अख्खी चाळ माझ्या प्रेमात. उसाचा रस, मुळ्याची पानं, बिनतेलाची भाजी! शेजारच्या सुहासिनीकाकू गुळवेलीचा काढा घेऊन आल्या. "माझ्यासमोर पी. मोरीत ओतशील, ओळखते मी तुला." नको म्हणायला कारण काय देऊ? कावीळ झालेली मुलगी काढा का नाकारेल? प्यायले. आई पाठ फिरवून भांडी लावत राहिली.

१४ फेब्रुवारी
पुन्हा काढा.

१६ फेब्रुवारी
मरोळच्या वस्तीत आमच्या आरोग्य संस्थेच्या घरभेटी, माझी नोकरीच ती. एका बाईने नवऱ्याचा टीबी शेजाऱ्यांना दमा म्हणून सांगितलाय. मी नेहमीचं बोलले — ताई, लपवल्याने आजार वाढतो. माझ्याच आवाजाचा वीट आला. ती माझ्या डोळ्यांकडे बघत म्हणाली, "आणि तुमचं काय झालंय?"
"कावीळ."

१८ फेब्रुवारी
आकडे उतरायच्या ऐवजी दुप्पट! डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही घेतलंत? आई जमिनीकडे बघत बसली. मी सांगून टाकलं. डॉक्टर ओरडल्या नाहीत, नुसतं पेन खाली ठेवलं. "गोळी, लुपस की काढा — आता मी कसं ओळखू?"
सुई घालून लिव्हरचा तुकडा काढणार आहेत. परवा.

१९ फेब्रुवारी
सुईची भीती नाही. आई जेवली नाही.

२१ फेब्रुवारी
काल तुकडा काढला. कूस दुखतेय. पडल्या पडल्या ऐकलं — काकू दारात.
"गरम आहे गं, दे तिला."
"नको."
"अगं, कावीळ मुळापासून जाईल —"
"तिका कावीळ नाय. लुपस आसा. दोन वरसां झाली."
तो शब्द आईच्या तोंडून पहिल्यांदा! मग काकूंचा हळू आवाज, "म्हणजे काय गं?"
"ती सांगतली. ती शिकलेली आसा."
कूस धरून दारापर्यंत गेले. सांगितलं. काकूंच्या हातातला काढा गार होईपर्यंत.

२७ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. लुपसच लिव्हरवर उलटलाय. स्टिरॉइडची गोळी वाढवली.
संध्याकाळी सुयोगच्या आईचा फोन. चाळीतून लुपसचं त्यांच्या कानावर गेलं होतं. आईने सगळं ऐकून घेतलं. "बरां," म्हणाली, ठेवला.
"काय म्हणाल्या?"
"त्यांका ह्यां लगीन नको हा." भाकरी उलटली. "तू गोळी घेतलंस?"